नवऱ्याची सही

माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटावर बेंबीच्या वरपासून ओटीपोटापर्यंत एक जाड व्रण आहे. उजव्या कुशीला आणखी एक, रुपयाएवढा, गोल. वाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे की आक्काचं अपेंडिक्स फुटलं होतं. ही थाप मीच मारली, १९७८ च्या ऑगस्टात. अपेंडिक्सचा व्रण एवढा लांब असतो का, असं आजवर कुणी विचारलं नाही. बायांना विचारायची गरज नव्हती, त्यांना सगळं माहीत होतं. पुरुषांना माहीत करून घ्यायचं नव्हतं. त्यात मी पहिला.

आक्का आता सत्तरीपार आहे. मागच्या दिवाळीत तिला म्हटलं, हे लिहू का? ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लिखी टाक. पन मन्हं नाव नको लिखू." म्हणून लिहितोय.

दोस्तांनो, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हाची गोष्ट. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि लगेच मराठवाड्यात आपली घरं जळायला लागली. मी बावीस वर्षांचा, जळगावात. कॉलेज नावाला. दिवसभर आम्ही पाच-सहा पोरं हातगाडी घेऊन धान्य, कपडे, भांडी गोळा करायचो. रात्री मिटिंगा. घटनेची कलमं तोंडपाठ. सतरावं कलम झोपेतून उठवून विचारलं असतं तरी धडाधड म्हटलं असतं.

आक्का पारोळा तालुक्यात दिलेली, बोरी नदीच्या काठच्या गावात. दाजी एका बागायतदाराकडे सालदार. चार पोरं. धाकटं अजून अंगावर पीत होतं. तिकडून माणूस आला, म्हणाला आक्काला हिवताप आलाय, फार झालाय, तू ये. मी दुकानातून हिवतापाच्या गोळ्या घेतल्या आणि एस.टी. पकडली.

घरात आक्का भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. अंग तव्यासारखं. श्वास भराभर. खोलीत एक वास होता. मेलेल्या उंदराचा असावा असं मला वाटलं. खरंच तसंच वाटलं. सासू चुलीपाशी, तोंडाला पदर लावून. मी गोळ्या दिल्या, पाणी पाजलं आणि बाहेर आलो. वाड्यातली पोरं जमली होती, मराठवाड्यात काय चाललंय ते त्यांना ऐकायचं होतं. कंदिलाच्या उजेडात आक्काच्याच ओट्यावर मी दोन तास बोललो. अन्याय, अत्याचार, गप्प बसणाऱ्यांचा गुन्हा. आत माझी बहीण ओठ चावून पडली होती, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, त्या रात्री मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू तं मिटिंगमा व्हता."

पहाटे तिला उचकी लागली. हिरवं पाणी ओकली. हातपाय गार पडले. पोट ढोलासारखं फुगलेलं, बोट लावलं तरी विव्हळायची. शेजारची एक म्हातारी मला गोठ्यामागं घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "हिवताप नही शे रे भाऊ. काडी घालेल शे."

मला अर्थ कळायला थोडा वेळ लागला.

झालं होतं ते असं. पाळी चुकली तसं आक्काच्या लक्षात आलं होतं. पाचवं पोर नको होतं. चारांच्याच तोंडात घालायला नव्हतं, आणि दिवस गेले की कापूस वेचायला, निंदायला कुणी बोलवत नाही. ती गुपचूप चालत एका सरकारी केंद्रावर गेली. कुठल्या, ते इथं महत्त्वाचं नाही. तसं तेव्हा ठिकठिकाणी चालायचं. तिथं तिला सांगितलं, नवऱ्याची सही घेऊन ये. आणि पोट खाली करायचं तर त्याच वेळी मूल बंद व्हायचं ऑपरेशनही करावं लागेल.

दाजी वाईट माणूस नव्हता. पण १९७६ त्याच्या अंगात बसलं होतं. आणीबाणीत नसबंदीची जीप गावात आली की सालदार, मजूर शेतात दडून बसायचे. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं बिलदेखील पास केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते राहिलं. दाजी दोन रात्री तुरीच्या शेतात झोपलेला माणूस. त्याच्या डोक्यात एकच होतं: दवाखान्याच्या कागदावर सही केली की कापलं. तो म्हणाला, मी सही करणार नाही, आणि तूही तिकडं जाऊ नको.

मग आक्का दुसऱ्या गावच्या एका बाईकडे गेली. त्या बाईनं पाच रुपये आणि पायलीभर ज्वारी घेतली. सही मागितली नाही. तिचा राग मला पुष्कळ वर्षं होता. आता तेवढा नाही. ज्या दारावर सही मागत नव्हते असं तेवढंच एक दार आक्काला माहीत होतं.

बैलगाडीनं सडकेपर्यंत आणलं. सुरत-नागपूर रस्त्यावर एक ट्रकवाला थांबला. पारोळ्याहून जळगावपेक्षा धुळं जवळ, म्हणून धुळ्याकडे निघालो. पाऊस होता. मागं ताडपत्रीखाली आक्काचं डोकं माझ्या मांडीवर. मुकटीच्या पुढं तिनं डोळे उघडले. "भाऊ, मी मरसू का रे?" मी म्हटलं, नाही. मला काहीच माहीत नव्हतं.

धुळ्यात मोठ्या सरकारी दवाखान्यात एक सर्जन होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काय घातलं होतं? खरं सांगा. खोटं सांगितलं तर माझा वेळ जाईल आणि बाई जाईल." मी सांगितलं. त्यांनी पोलिसांचं नाव काढलं नाही, शिवी दिली नाही. दोन्ही हातांना सलाईन लावलं. नाकातून पोटात नळी घातली, लघवीला नळी घातली. पेनिसिलीन आणि आणखी दोन औषधं शिरेतून सुरू केली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग तिला दोघांनी धरून उभं केलं आणि एक्सरे काढला.

तो एक्सरे त्यांनी मला खिडकीशी धरून दाखवला. केसपेपरच्या पाठीवर पेन्सिलीनं चित्रही काढलं. म्हणाले, छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. त्याच्याखाली ही काळी कोर दिसते ना, ती हवा आहे. तिथं हवा असायला नको. आतडं फुटलं की असं दिसतं. काडी गर्भपिशवीच्या तोंडातून आत गेली, पिशवीचा माथा फोडून वर निघाली आणि तिथं आतड्याच्या वेटोळ्यात घुसली. आता आतड्यातली घाण सगळ्या पोटात पसरलीय, त्याचा पू झालाय. पिशवीत गर्भाचे तुकडे राहिलेत, तेही कुजलेत. नुसत्या औषधानं हे भागणार नाही. पोट उघडून धुवावं लागेल.

मी विचारलं, सही कुठं करू?

सर्जन म्हणाले, "बाईला शुद्ध आहे. बाई सज्ञान आहे. सही बाईच करेल."

आता ऐका. आक्काला सही येत होती. मीच शिकवली होती. लग्नाआधी वाड्यात आम्ही रात्रीची शाळा चालवली होती तेव्हा तिनं स्वतःचं नाव गिरवलं होतं, पाटीवर, शंभरदा. तिनं कागद छातीवर धरला. सिस्टरनं हात धरला. चार वाकडी अक्षरं उमटली. सर्जननी कागदाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हीच सही महिन्यापूर्वी पुरली असती. कायदा आहे तसा. १९७२ पासून लागू आहे. नवऱ्याची लागत नाही."

मला ते ऐकून कानाखाली बसल्यासारखं झालं. सतरावं कलम पाठ असलेला मी. हा कायदा मला माहीत नव्हता.

रक्ताच्या दोन बाटल्या हव्या होत्या. एक मी दिली. दुसरीसाठी धुळ्यातली चळवळीतली पोरं सायकली मारत आली, नाव-गाव न विचारता दंड पुढं केले. त्यातल्या एकानं विचारलं, काय झालंय ताईला? मी म्हटलं, अपेंडिक्स. रक्त देणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं. का? बहिणीची लाज म्हणून? खरं म्हणजे माझी लाज. उद्या मिटिंगमध्ये माझ्याकडे कोण कसं बघेल याची.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. पोटातून तांब्या-तांब्यानं पू काढला, पुन्हा पुन्हा धुतलं. पिशवी काळी पडली होती, ती काढावी लागली. लहान आतड्याचा वीतभर भाग कापला. एवढ्या पुवात टाका धरणार नाही, म्हणून वरच्या आतड्याचं तोंड उजव्या कुशीला बाहेर आणून शिवलं. तीन महिने तिनं शौच तिथून केलं. आता त्याला चिकटवायच्या पिशव्या मिळतात. तेव्हा आमच्याकडे जुन्या लुगड्याच्या घड्या आणि वरून प्लॅस्टिकचा कागद. आतड्यातलं पाणी पातळ, जाळणारं. भोवतालची कातडी सोलून निघाली. वॉर्डातल्या सिस्टर जस्ताचा मलम लावायच्या, आणि मीठ-साखरेचं पाणी सारखं पाजत राहा म्हणायच्या, कारण या वाटेनं अंगातलं पाणी आणि मीठ भराभर जातं.

घरी नेल्यावर सासूनं तिचं ताट वेगळं केलं. गोधडी वेगळी, पाण्याचा गडवा वेगळा, बसायची जागा पडवीत. वास येतो म्हणून. दोस्तांनो, आपल्याच घरात, आपल्याच माणसानं. चवदार तळ्याची गोष्ट सांगणाऱ्या आमच्या घरात एका बाईचा गडवा वेगळा होता. मी काही बोललो का? नाही. नोव्हेंबरात पुन्हा धुळ्याला नेलं, आतडं जोडून आत घातलं, भोक बंद झालं. तोच तो रुपयाएवढा व्रण. गडवा मात्र त्यानंतरही वर्षभर वेगळाच राहिला.

ती वाचली, कारण चौथ्या दिवशी का होईना पोचली, आणि खरं सांगितलं. त्याच वॉर्डात दारापाशी एक आदिवासी पोरगी होती, शिरपूरकडून आणलेली, सोळा-सतराची. तिच्यासोबतचे लोक शेवटपर्यंत "पडली, पडली" म्हणत राहिले. तिची लघवी बंद झाली होती. विष रक्तात गेलं की मूत्रपिंड बंद पडतात. तिसऱ्या दिवशी खाट रिकामी.

त्यानंतर मी हा कायदा मुळापासून वाचला. तुम्हीही वाचा. १८६० च्या दंडसंहितेनं गर्भ पाडणं गुन्हा केलं, बाईलाही गुन्हेगार धरलं. शांतिलाल शाह समितीनं १९६६ मध्ये अहवाल दिला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बाया मरतात हे सरकारदरबारी मांडलं गेलं. १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यात स्वच्छ लिहिलं आहे: संमती बाईची. अठराच्या खाली असेल तर पालकाची. नवऱ्याचा, सासूचा, सरपंचाचा उल्लेख नाही. नसबंदी करून घे मगच गर्भपात, अशी अटही त्यात कुठं नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. काही ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं होतो. 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असा शब्द होता, तिथं 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. बाईचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा ठरला. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चोवीस आठवड्यांच्या सवलतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद चालणार नाही.

कागद सुधारला. पण मी अजून बायांबरोबर दवाखान्यात जातो, जळगावात आणि धुळ्यात, आणि खिडकीवर अजून कानावर येतं, "मिस्टर कुठं आहेत? त्यांना आणा."

काडी आता कमी झाली. गोळ्या आल्या. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. त्यातले शेकडा ७३ दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. शेकडा ५ दवाखान्याबाहेर इतर मार्गांनी, म्हणजे बहुतेक धोक्याच्याच वाटेनं. शेकडा ५ म्हणजे किती ते स्वतः हिशेब करून बघा. सात लाखांच्या वर आक्का, एका वर्षात.

गोळ्या योग्य दिवसांत, योग्य प्रमाणात, सांगणारं कुणी असेल तर सुरक्षित आहेत. नियमानं नऊ आठवड्यांपर्यंत. पण दिवस मोजायला कुणी नाही, गर्भ पिशवीत आहे की नळीत हे बघायला कुणी नाही, तिथं घोटाळा होतो. नळीतला गर्भ गोळीनं पडत नाही. नळी फुटते आणि पोटात रक्त साठतं. अर्धवट पडला तर आत राहिलेलं सडतं. त्यावर आज बहुतेक वेळा हातपंपानं पिशवी रिकामी करतात, खरवडण्यापेक्षा ते सुरक्षित. वेळेत गेलं तर तेवढ्यावर भागतं. उशीर झाला की पोट उघडायची पाळी.

आणखी एक गोंधळ आपल्या दोन्ही जिल्ह्यांत माजलाय. मुलगी आहे का बघून पाडणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये त्यावर पहिला कायदा केला, देशानं १९९४ मध्ये. तो हवाच. पण त्याच्या पाट्या अशा लागल्या की लोकांना वाटतं गर्भपातच गुन्हा. गुन्हा लिंग तपासण्यात आहे. पोट नको म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बाईचा गुन्हा नाही. हा फरक वस्तीत सांगितला नाही, तर बाई भीतीनं पुन्हा चोरवाटेला जाते. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला काय निघालं ते पेपरात वाचलं असेल. एक तरुण बाई बेकायदा गर्भपातात मेली, म्हणून तपास झाला, आणि ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले.

म्हणून कार्यकर्त्यांनो, ही लक्षणं कलमांइतकी पाठ करा. पोट पाडल्यावर तासाला दोन घड्या भिजतील एवढं रक्त सलग दोन तास जाणं. थंडी वाजून ताप. घाण वास. पोट फुगणं, कडक होणं, उलट्या, वारा न सरणं. चक्कर येणं, खांदा दुखणं. लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी उजाडायची वाट बघू नका. तोंडानं काही खायला देऊ नका, गावठी औषध नको, मोठा सरकारी दवाखाना गाठा. धुळ्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून आहे. रक्त देणारी दोन माणसं सोबत न्या. डॉक्टरला खरं सांगा: काय घातलं, कुठल्या गोळ्या घेतल्या, किती दिवस झाले. १०८ ला फोन करा. आणि बाईला वाटेत एकही प्रश्न विचारू नका की कुणाचं होतं.

आपल्यातले काही म्हणतील, हा चळवळीचा विषय आहे का? १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. भूमिका बाबासाहेबांची होती. मूल हवं की नको हे बाईच्या इच्छेवर असावं, हा त्यातला मुद्दा. ठराव मोठ्या फरकानं पडला. त्याआधी १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'साठी खटला झाला तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते अशाच अडकलेल्या बायांसाठी. आपल्या बापांनी हा विषय टाळला नाही. तो आपण टाळला.

३१ जुलै १९३७ ला कोर्टाच्या कामानं धुळ्याला आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले. दर ३१ जुलैला आपण तिथं जमतो. पुस्तकांचे स्टॉल लागतात, कॅसेटी होत्या तेव्हा कॅसेटी वाजायच्या, आता स्पीकर वाजतात. यंदा मी तिथं एक टेबल टाकणार आहे. वर पुठ्ठ्याची पाटी, हातानं लिहिलेली: 'सही बाईची लागते. नवऱ्याची लागत नाही.' खाली वरची लक्षणं.

आक्काला हे सांगितलं. ती म्हणाली, टेबलामागं मी बसते, बाया तुझ्याजवळ यायच्या नाहीत. मी म्हटलं, मग लोक विचारतील तुला काय झालं होतं म्हणून. तिनं शेंगांची टरफलं पदरातून झटकली.

"विचारू दे. अपेंडिक्स नव्हतं म्हनसू."

जयभीम.